वरोऱ्याचे उपाध्यक्ष

नगरपालिकेच्या दप्तरात करुणेसाठी रकाना नसतो. घरपट्टीची मागणी आणि वसुली, आठवडी बाजाराच्या बैठकीचा लिलाव, दिवाबत्तीचा खर्च, रस्त्यावर पडलेल्या खडीची मोजमापे, मंजूर झालेले आणि तहकूब राहिलेले ठराव, हे सर्व सालवार बांधून, फडक्यात गुंडाळून ठेवलेले सापडते. परंतु एखाद्या अवर्षणाच्या साली कोंडवाड्यातील गुरे उपाशी राहू नयेत म्हणून कोणा अंमलदाराने स्वतः उभे राहून कडब्याच्या पेंढ्या मोजून घेतल्या, किंवा गटाराकाठी पडलेल्या माणसाला उचलण्यासाठी कोणी सभासद सभेतून उठून गेला, याची नोंद कोणत्याही फेरिस्तीत होत नाही. ती गोष्ट लोकांच्या तोंडी राहते आणि सांगणारी माणसे गेली की तीही जाते. म्हणूनच ज्या एका उपाध्यक्षाची गोष्ट दप्तराबाहेर राहूनही साऱ्या देशाला ठाऊक झाली, आणि तो नगरपालिकेचा उपाध्यक्ष होता एवढेच नेमके लोक विसरले, त्याच्याविषयी हिंगोलीकडील वाचकांपुढे चार शब्द मांडावेत असे वाटले.

हिंगोली जिल्हा वयाने लहान. १ मे १९९९ रोजी परभणीपासून तो वेगळा झाला. गाव मात्र जुने. हैदराबाद कंटिंजंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फौजेची छावणी एकोणिसाव्या शतकात येथे होती आणि ती १९०३ पर्यंत टिकली, तर निजामाचा अंमल सप्टेंबर १९४८ पर्यंत. आज या जिल्ह्यात हिंगोली, वसमत आणि कळमनुरी येथे नगरपरिषदा असून औंढा नागनाथ व सेनगाव येथे नगरपंचायती आहेत. या पाचही गावांचे स्वरूप असे की शेत आणि शहर यांच्यामधली सीमारेषा कोणालाही बोट ठेवून दाखविता येणार नाही. हळदीची पोती घेऊन आलेली बैलगाडी, बाजारात भाजीच्या ढिगाऱ्याकडे डोळा ठेवून उभी असलेली गाय, खाटकाच्या दुकानापुढे बसलेली कुत्री आणि यांतून वाट काढीत शाळेत जाणारी मुले, हे सर्व एकाच रस्त्यावर असते. आणि त्या रस्त्याची जबाबदारी ज्याच्या अंगावर येते त्या नगरपालिकेच्या माणसाला, त्याची इच्छा असो वा नसो, माणसांप्रमाणे जनावरांचाही कारभार पाहावा लागतो. पोळ्याच्या दिवशी बैलाची पूजा करणारे आपण. उरलेल्या दिवशी त्याच्या पाण्याच्या हौदावर शेवाळ धरले आहे किंवा नाही हे पाहण्याचे काम मात्र कोणा तरी पगारदाराने करावे असे आपल्याला वाटते.

या मुलुखाची धर्मबुद्धी अशा प्रसंगी काय सांगते हे नव्याने शोधावयास नको. हिंगोलीपासून जवळच, कयाधूच्या काठी असलेल्या नरसी येथे १२७० साली नामदेवांचा जन्म झाला, अशी परंपरा आहे. कुत्र्याने भाकरी पळविली तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव येथील लहान पोरालाही ठाऊक असतात. पैठणच्या एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेले गंगोदक वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतले, ही कथाही मराठवाड्याचीच. परंतु हे दोघे संत. त्यांच्या पाठीशी कचेरी नव्हती, पुढ्यात हिशेबाची वही नव्हती. सत्तेच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने दया दाखविली तर तिचे काय होते, या प्रश्नाचे उत्तर आपल्या परंपरेने मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या रूपाने दिले. बहामनी बादशहाच्या नोकरीत असलेल्या या अधिकाऱ्याने दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी उघडली, बेदरहून त्याला धरून नेण्याचा हुकूम निघाला, आणि तो तेथे पोहोचण्यापूर्वीच विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची किंमत दरबारात भरली, अशी ती आख्यायिका. ती ऐकताना भाविकाचे डोळे पाणावतात. कारकुनाच्या मनात मात्र हेच येत असावे, की आपल्या कचेरीतील तूट भरून काढण्यास विठू येणार नाही आणि लेखापरीक्षकाचा आक्षेप तर खात्रीने येणार. दयाळू अधिकारी आणि त्याच्या हाताखालील कायदा यांच्यातला हा ताण जितका जुना आहे तितकाच तो नवा आहे.

आता कायद्याकडे पाहू. मोकाट जनावरे कोंडण्याविषयीचा जो कायदा इंग्रज सरकारने १८७१ साली केला, तो मोठा कनवाळू नव्हे; शेताचे नुकसान टाळणे आणि दंड वसूल करणे हाच त्याचा मुख्य हेतू. तथापि त्यात एक कलम असे की कोंडवाड्याच्या राखणदाराने कोंडलेल्या जनावरांना चारापाणी दिलाच पाहिजे, त्याचा खर्च मालकाकडून दंडाबरोबर घ्यावा, सात दिवसांत मालक न आल्यास पोलीस ठाण्यास कळवून जाहीर नोटीस लावावी आणि त्यानंतरही कोणी न आला तर मगच लिलाव पुकारावा. म्हणजे ज्याला बांधून घातले त्याला खायला घालणे ही बांधणाऱ्याची जबाबदारी, एवढी गोष्ट त्या रुक्ष कायद्यालाही कळली होती. याच्या शेजारी महारोग्यांविषयीचा १८९८ चा कायदा ठेवून वाचावा. निराधार, भीक मागणाऱ्या महारोग्याला पोलिसाने वॉरंटावाचून धरावे, त्याला आश्रयस्थानात पाठवावे. शिवाय जेथे सरकार हुकूम काढील तेथे त्याने विक्रीसाठी अन्न तयार करू नये, भाड्याची गाडी हाकू नये, आणि नगरपालिकेने उपविधी करून ज्या सार्वजनिक विहिरी व तळी त्याला मना केली असतील त्यांचे पाणी घेऊ नये, अशी त्याची कलमे. हा कायदा पुस्तकातून रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. गुराला कोंडवाड्यात पाणी देण्याचे बंधन, आणि माणसाला विहिरीवर पाणी न घेण्याचे. दोहोंची अंमलबजावणी एकाच नगरपालिकेकडे.

पाण्याच्या या प्रश्नावर महाराष्ट्रातील नगरपालिकांत काही चांगली माणसे बसून गेली. जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि पुढे पुणे नगरपालिकेचे सभासद झाल्यावर, व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी पैसा उधळण्यास त्यांनी विरोध केला. महाडचे सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस यांचे उदाहरण याहून बोलके आहे. मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव संमत करून घेतल्यावर, टिपणीस यांच्या नेतृत्वाखालील महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. ठराव झाला, वहीत उतरला, आणि तीन वर्षे तसाच राहिला. गुरेढोरे त्या तळ्यावर पाणी पीत होती, कुत्र्यामांजरांना कोणी हाकलीत नव्हते. अस्पृश्य मानलेल्या माणसाला मात्र २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारोंच्या संख्येने चालत जाऊन ओंजळभर पाणी घ्यावे लागले. त्याच साली ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि न्यायालयाचा शेवटचा निकाल लागून तळे निर्विवाद खुले होण्यास १९३७ साल उजाडले. टिपणीसांचा प्रामाणिकपणा निःसंशय होता. तथापि सभागृहात हात वर करून जी करुणा संमत होते ती सभागृहाच्या उंबऱ्यावर किती काळ अडून राहू शकते, हेही महाडने दाखविले.

ज्यांच्यासाठी हा लेख लिहावयास घेतला ते गृहस्थ हा उंबरा ओलांडून गेले. त्यांचे नाव मुरलीधर देविदास आमटे. पैनगंगा ही हिंगोली जिल्ह्याची वऱ्हाडाकडील सीमा. तिच्या पलीकडे उतरून पूर्वेस बरेच गेले की वर्धा नदीच्या पल्याड चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा हे गाव लागते. पूर्वी हा सर्व मुलुख मध्यप्रांतात मोडत असे. हिंगणघाट येथे २६ डिसेंबर १९१४ रोजी एका जमीनदार कुटुंबात जन्मलेला हा मुलगा लाडाकोडात वाढला. चौदाव्या वर्षी त्याच्याजवळ स्वतःची बंदूक होती आणि तो रानडुकरांची व हरणांची शिकार करीत असे. पुढे त्याच्या मोटारीच्या बैठकीला बिबट्याचे कातडे लावलेले होते असे सांगतात. नागपुरास कायद्याची पदवी घेऊन त्याने वरोऱ्यास वकिली थाटली. ती चांगली चालली. चांगली चालली म्हणूनच तिचा त्याला कंटाळा आला. पंधरा मिनिटे बोलून पन्नास रुपये घ्यावेत आणि बारा तास राबणाऱ्या मजुराने पाऊण रुपया घेऊन घरी जावे, हा हिशेब त्याला पटेना. गोराजे या कुटुंबाच्या गावची विहीर त्याने अस्पृश्यांसाठी उघडली, १९४२ च्या चळवळीत पकडलेल्या कार्यकर्त्यांच्या बचावासाठी वकिलांची फळी उभारली आणि त्यापायी तुरुंगही पाहिला. १९४६ च्या डिसेंबरात साधना घुले यांच्याशी विवाह झाल्यानंतर या दांपत्याने वरोऱ्यास श्रमाश्रम काढला, ज्यात निरनिराळ्या जातीधर्मांची माणसे एकत्र राहून, एकत्र राबून, मिळकत वाटून घेत.

याच काळात आमटे वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते, आणि त्याच वेळी सफाई कामगारांच्या संघटनेचे पुढारीही होते. या दोन पदांचा एकाच अंगावर पडलेला भार किती अवघड असतो हे नगरपालिकेचे कामकाज पाहिलेल्या माणसाला सांगावयास नको. एका हाताने कामगारांची मागणी लिहावयाची आणि दुसऱ्या हाताने ती नामंजूर करणाऱ्या कागदावर सही करावयाची, असा तो प्रसंग. कामगारांची मागणी रास्त आहे की नाही हे खुर्चीवरून ठरविण्यापेक्षा ते काम स्वतः करून पाहावे, असे या उपाध्यक्षाने ठरविले. आणि डोक्यावर मैल्याची टोपली घेऊन तो वरोऱ्याच्या गल्ल्यांतून फिरू लागला. एक दिवस नव्हे, वर्तमानपत्रात छायाचित्र यावे म्हणून नव्हे, नऊ महिने.

आजच्या तरुण वाचकाला या कामाची कल्पना येणार नाही म्हणून थोडे सविस्तर सांगतो. त्या काळी लहान गावांत भुयारी गटारे नव्हती. घरांच्या मागच्या अंगास टोपलीचे संडास असत. मागच्या बोळातून एक लहानशी झडप उघडून, पत्र्याच्या तुकड्याने व खराट्याने तो मैला ओढून घ्यावयाचा, टोपलीत भरावयाचा, टोपली डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यावयाची, आणि ती गाडी गावाबाहेरच्या खड्ड्यांपर्यंत हेल्यांनी किंवा बैलांनी ओढावयाची. पावसाळ्यात टोपली पाझरे आणि तो पाझर कपाळावरून, खांद्यावरून उतरे. घरमालक समोर आला तर तोंड फिरवी. पाणी मागितले तर वरून ओतले जाई. गाडीला जुंपलेल्या जनावरासाठी वैरणीची तरतूद तरी करावी लागे. ओझे वाहणाऱ्या माणसाला हातमोजे, साबण किंवा आंघोळीची जागा द्यावी हे फार थोड्यांना सुचले. मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी १९४९ साली वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहण्यास बंदी करणारा देशव्यापी कायदा १९९३ साली आला आणि तो पुरेसा नव्हता म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. आमटे यांनी टोपली उचलली ती या सर्वांच्या अगोदर, आणि तीही ज्या नगरपालिकेत ते सत्ताधारी होते तिच्याच गल्ल्यांत.

याच कामाच्या दिवसांत, पावसाच्या एका रात्री, परतीच्या वाटेवर त्यांना रस्त्याच्या कडेला चिंध्यांचे गाठोडे पडलेले दिसले. जवळ जाऊन पाहता ते गाठोडे जिवंत निघाले. हातापायांची बोटे झडलेली, जखमांत किडे पडलेले, महारोगाच्या अखेरच्या अवस्थेतील तो एक मनुष्य होता. तुळशीराम त्याचे नाव. ज्याने बंदूक घेऊन रानडुकरांना तोंड दिले होते, इंग्रजी राज्याचा तुरुंग पाहिला होता आणि नऊ महिन्यांच्या त्या कामात घाणीचा किळस टाकून दिला होता, तो आमटे तेथून पळाला. घरी गेला. मग त्या भयाची शरम असह्य होऊन परत आला, त्या माणसावर पाऊस पडू नये म्हणून बांबूच्या तट्ट्याचा आडोसा उभारला, त्याला खाऊ घातले आणि त्याची शुश्रूषा केली. तथापि तुळशीराम वाचला नाही. हे पलायन त्यांनी पुढील आयुष्यात कधी लपविले नाही, उलट जेथे जातील तेथे सांगितले. आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या सबंध चरित्रातील सर्वांत विश्वसनीय असे काही असेल तर ते हेच. दयेचा झरा जन्मतःच वाहत असलेला मनुष्य फारसा भेटत नाही. भय वाटणारा, पळणारा आणि परत फिरणारा मनुष्य भेटू शकतो, आणि नगरपालिकेच्या कारभारासाठी तोच अधिक उपयोगी.

पुढचा भाग बहुतेकांना ठाऊक आहे. त्या काळी महारोगावर सल्फोन जातीची औषधे नुकतीच हाती आली होती. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकशाळेत १९४९ साली जाऊन आमटे यांनी या रोगाचे शिक्षण घेतले, जंतूंच्या प्रयोगासाठी स्वतःचे शरीरही देऊ केले, आणि त्याच वर्षी वरोऱ्यास महारोगी सेवा समिती स्थापन झाली. सरकारने गावापासून दोनएक मैलांवर पन्नास एकर खडकाळ माळ दिला, जेथे साप आणि विंचू यांचीच वस्ती अधिक. १९५१ च्या जूनमध्ये विनोबा भावे यांच्या हस्ते आनंदवनाचा प्रारंभ झाला. त्या दिवशीच्या भांडवलाची मोजदाद अशी सांगितली जाते: सहा महारोगी, चौदा रुपये, एक लंगडी गाय आणि एक कुत्रा.

या यादीकडे आपण सहसा गंमत म्हणून पाहतो. गरिबीचे वर्णन करताना लंगडी गाय छान शोभून दिसते. परंतु जमाखर्चाची सवय असलेल्या वकिलाने, जो नुकताच नगरपालिकेत अंदाजपत्रके पाहून आलेला होता, माणसांच्या आणि रुपयांच्या ओळीत गाय व कुत्रा यांना बसविले, यात गमतीपेक्षा अधिक काही असावे. बाजारात त्या गाईला किंमत नव्हती. लंगड्या जनावराला कोंडवाड्याच्या लिलावात कोण बोली लावणार? त्या सहा माणसांनाही बाजारात किंमत नव्हती, किंबहुना बाजारात पाऊल टाकण्यास त्यांना मनाईच होती. समाजाने रद्द केलेल्या जिवांची ही जी एक पंगत त्या माळावर बसली, तिच्यात दोन पायांच्या आणि चार पायांच्या सभासदांत भेद केलेला नव्हता. शिकारी म्हणून वाढलेल्या माणसाच्या हातून ही यादी लिहिली गेली, हे विशेष.

आनंदवनाचा गावाशी जो व्यवहार झाला तोही नगरपालिकेच्या दृष्टीने मनन करण्याजोगा आहे. झडलेल्या बोटांच्या माणसांनी खडक फोडून विहीर खोदली, जमीन लागवडीखाली आणली, भाजी पिकविली. आणि ती वरोऱ्याच्या बाजारात कोणी घेईना. महारोग्यांच्या हातची भाजी! काही वर्षांपूर्वी ज्याला मत दिले त्या उपाध्यक्षाच्या शब्दावरही गावाचा विश्वास बसेना. पुढे परदेशांतून आलेले स्वयंसेवक आनंदवनात राहिले, त्यांनी रोग्यांबरोबर इमारती बांधल्या, तेथेच तीच भाजी खाल्ली, आणि हे गोरे लोक महारोगी होऊन परत जात नाहीत असे पाहिल्यावर गावकऱ्यांची भीती हळूहळू ओसरली. भाजी खपू लागली. यात आपल्या समाजाच्या शहाणपणाविषयी फारसे कौतुक करण्यासारखे काही नाही. तथापि भीती उपदेशाने जात नाही, ती डोळ्यांदेखत कोणी तरी निर्भयपणे वावरल्याने जाते, ही गोष्ट आमटे यांना पूर्वीच उमगलेली होती. आनंदवनातून पुढे शाळा, महाविद्यालय, अंधांसाठी व मूकबधिरांसाठी शिक्षणाची सोय, सोमनाथ येथील शेतीप्रकल्प असे एकेक उभे राहत गेले. १९८५ साली मॅगसेसे पारितोषिक, त्यानंतर पद्मविभूषण, टेंपलटन आणि १९९९ चा गांधी शांतता पुरस्कार, अशी मानाची मालिका आली. ९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा आमटे आनंदवनातच निवर्तले. त्यांच्या कीर्तीच्या या डोंगराखाली वरोरा नगरपालिकेतील ते दिवस दडपून गेले, हे स्वाभाविक असले तरी इष्ट नव्हे. कारण पुढील सर्वांचे बी त्या मैल्याच्या टोपलीत होते.

प्राण्यांविषयीचा धागा मात्र पुढच्या पिढीने अधिक ठळक केला. बाबांचे धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश आणि त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी हे भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात राहावयास गेले, ते माडिया गोंडांच्या औषधपाण्यासाठी. जंगलात एकदा शिकार करून परतणारे काही आदिवासी भेटले. बांबूला टांगलेल्या मेलेल्या माकडिणीला तिचे जिवंत पिल्लू बिलगलेले होते. त्या भुकेल्या लोकांना दोष न देता, त्यांना त्याच्या बदल्यात धान्य देऊन, ते पिल्लू प्रकाश आमटे यांनी मागून घेतले. पुढे जंगलातून अशी पोरकी पिल्ले येत राहिली, बिबटे, अस्वले, हरणे, साप, आणि दवाखान्याच्या शेजारी प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे की तेथे माणसाचा दवाखाना अगोदर आला. भुकेल्या माणसाला शिकार करू नको असे सांगण्याचा अधिकार त्याच्या भुकेची सोय लावल्यावाचून मिळत नाही. प्राणिदयेच्या नावाने शहरांतून चालणाऱ्या अनेक वादांत हा क्रम उलटा लावलेला आढळतो, आणि म्हणून ते वाद नुसते वादच राहतात.

अशा वादांचा मराठी मुलुखातील एक जुना नमुना मुंबईचा आहे. १८३२ च्या जूनमध्ये, मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम आणि प्रत्येक कुत्र्यामागे मिळणारे आठ आण्यांचे बक्षीस यांमुळे कुत्री धरणारे लोक घराघरांत शिरू लागले, तेव्हा कोटातील पारशी रहिवासी चिडून उठले आणि शहरात दंगा माजला. त्यानंतर दोन वर्षांनी जमशेटजी जिजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने पांजरपोळ स्थापन झाला. कुत्री मारण्याचा उद्योग नगरपालिकांनी पुढे दीडशेहून अधिक वर्षे चालूच ठेवला, आणि कुत्री काही संपली नाहीत. कारण साधे आहे: एका गल्लीतील कुत्री नाहीशी केली की तेथील उकिरडा शेजारच्या कुत्र्यांना मोकळा होतो, आणि उरलेल्यांची वीण वाढते. म्हणून २००१ साली केंद्र सरकारने नियम केले, आणि त्यांच्या जागी २०२३ साली नवे आणले, की कुत्र्याला धरून निर्बीज करावे, त्याला रेबीजची लस टोचावी, ओळखीसाठी कानाचा किंचित तुकडा कापावा आणि जेथून उचलले तेथेच सोडावे. या नियमांची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आहे. कागदावर हे सोपे. परंतु त्यासाठी पशुवैद्य हवा, शस्त्रक्रियेची जागा हवी, नंतर काही दिवस ठेवण्यास पिंजरे हवेत, आणि या सर्वांहून अगोदर उकिरडा उचलला गेला पाहिजे. कुत्रा चावलेल्या मुलाच्या बापासमोर उभे राहून भूतदयेचे व्याख्यान देण्याचे धैर्य कोणी करू नये; त्या मुलाला वेळेवर लस मिळणे आणि कुत्र्याला अगोदरच लस मिळालेली असणे, या दोन गोष्टी ज्या कारभारात घडतात तोच दयाळू कारभार.

येथे एक खुलासा केला पाहिजे. आमटे हे पगारी अधिकारी नव्हते, लोकांनी निवडून दिलेले पदाधिकारी होते. आजच्या आपल्या नगरपरिषदा १९६५ च्या अधिनियमाने चालतात. त्यात नगराध्यक्ष लोकांचा आणि मुख्याधिकारी शासनाचा, आणि दैनंदिन अंमलबजावणीचा मोठा भाग मुख्याधिकाऱ्याकडे. तो दोन-तीन वर्षांनी बदलून जाणारा, गावात कोणाचाही नात्याचा नसलेला, आणि त्यामुळेच कधी कधी गावातल्या माणसांना जे करता येत नाही ते करू शकणारा. वरोऱ्याच्या उपाध्यक्षाप्रमाणे त्याने टोपली घ्यावी असे कोणी म्हणणार नाही. टोपली आता उरलीही नाही, आणि गटारात माणूस उतरविण्यास कायद्याने मनाई आहे. परंतु ती मनाई आपल्या गावात पाळली जाते की कंत्राटदाराच्या मुकादमाने रात्री कोणाला तरी दोरीने खाली सोडले, हे चेंबरचे झाकण उघडे असताना तेथे गेलेल्यालाच कळते.

जनावरांच्या बाबतीतही असेच एक साधे कलम आहे, ज्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा जो अधिनियम रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांमुळे १९६० साली झाला, त्याच्या आधारे १९६५ साली ओझ्याच्या जनावरांविषयी नियम करण्यात आले. जनावराला दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा अधिक काम देऊ नये, विश्रांतीवाचून सलग पाच तासांपेक्षा अधिक राबवू नये, आणि जेथे उष्णतामान ३७ अंशांच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन या वेळेत त्याला जुंपूच नये, असे ते नियम सांगतात. हिंगोलीस चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत हळदीचा हंगाम भरात असून वसमत-हिंगोलीच्या मोंढ्यांकडे माल येत असतो. बहुतेक माल आता ट्रॅक्टरने येतो हे खरे. परंतु आसपासच्या खेड्यांतून निघालेली बैलगाडी, गावातल्या गावात विटा, वाळू आणि पोती वाहणारा छकडा अजून दिसतो, आणि भर दुपारी डांबरावरून चालताना बैलाचे पाय भाजतात. नियमाची माहिती देण्यास एक दवंडी किंवा घंटागाडीवरचा भोंगा पुरेसा आहे. मोंढ्याच्या फाटकाशी सावलीचे एक छप्पर आणि धुऊन भरलेला एक हौद यांचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकाला जड नाही. मात्र दुपारी बारा वाजता गाड्या खरोखर सुटल्या आहेत की नाहीत हे पाहावयाचे तर मुख्याधिकाऱ्याला पंख्याखालून उठून, वैशाखाच्या त्या उन्हात, मोंढ्यापर्यंत जावे लागेल.